मचाणावरून बाण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकातल्या धनुर्विद्येवरच्या लेखात, उत्तर अमेरिकेत झाडावर बसून धनुष्याने हरणाची शिकार करतात, असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची पत्रे आली. कोणाचा पुतण्या तिकडे आहे, कोणाचे लेक-जावई. नेम धरण्याविषयी खाली जे लिहिले आहे ते तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाविषयी, म्हणजे व्हाइटटेलविषयी आहे. तिथे परवाना, हंगाम आणि किती हरणे मारायची याची मर्यादा पाळून ही शिकार होते. आपल्याकडे हीच कृती गुन्हा आहे. लांज्याच्या एका वाचकाने नेमके तेच विचारले आहे, ते उत्तर सर्वांनी वाचावे.

प्रश्न (गुहागर) : पुतण्या विस्कॉन्सिनला असतो. त्याने २० फुटांवरच्या मचाणावरून हरणावर बाण सोडला. हरीण झाडापासून ९-१० मीटरवर आडवे उभे होते. बाण पुढच्या पायामागे, छातीच्या बरोबर मध्यावर लागला असे तो सांगतो. तरी हरीण सापडले नाही. जमिनीवरच्या सरावात त्याचा नेम चुकत नाही. मग झाले काय?

उत्तर : त्याचा बाण ठरल्या जागी लागला असणार. जागाच चुकीची ठरली होती. जमिनीवरून सराव करणाऱ्याच्या डोक्यात हरणाचे बाजूने काढलेले चित्र असते आणि त्या चित्रात छातीचा मध्य हीच सर्वांत सुरक्षित जागा दिसते. बाण आडवा जाणार असेल तर ते बरोबर आहे. वरून येणारा बाण मात्र छातीत शिरल्यावरही खालीच उतरत राहतो. म्हणून मचाणावर बसणाऱ्याने बाण पलीकडून कुठे बाहेर पडायला हवा हे आधी ठरवायचे आणि तिथून मागे येत शिरण्याची जागा काढायची.

आकडे घालून पाहू. मचाण २० फूट म्हणजे ६ मीटर. उभ्या माणसाच्या हातातले धनुष्य साधारण साडेसात मीटरवर येते. हरणाच्या छातीचा मध्य जमिनीपासून अर्ध्या-पाऊण मीटरवर असतो. दोन्हींत फरक सुमारे ७ मीटरचा. हरीण बुंध्यापासून १८ मीटरवर असेल तर बाण सुमारे २१ अंशांनी खाली उतरतो, ९ मीटरवर ३८ अंशांनी आणि ४ मीटरवर ६० अंशांनी. मोठ्या नराची छाती ३० सेंटिमीटर रुंद धरली, तर ती पार करेपर्यंत बाण पहिल्या वेळी सुमारे १२ सेंटिमीटर, दुसऱ्या वेळी २३ आणि तिसऱ्या वेळी तब्बल ५२ सेंटिमीटर खाली जातो. छातीची उंचीच, पाठीपासून सीन्यापर्यंत, म्हणजे छातीच्या तळाच्या हाडापर्यंत, ४०-४५ सेंटिमीटर.

आता पुतण्याचा बाण पाहा. तो मध्यावर, म्हणजे सीन्यापासून २१-२२ सेंटिमीटर वर शिरला आणि पलीकडच्या बाजूला पोहोचेपर्यंत २३ सेंटिमीटर उतरणार होता. छाती खाली होडीच्या तळासारखी निमुळती असते, त्यामुळे तो पलीकडे पोहोचलाच नसावा. जवळच्या फुप्फुसाची खालची कड कापून तो सीन्यातून बाहेर पडला असणार. दुसरे फुप्फुस शाबूत राहिले. एका फुप्फुसावर हरीण फार दूर जाते. कधी ते जगते, कधी दोन दिवसांनी कुठल्या तरी झुडपात मरते आणि कोणालाच सापडत नाही. या शिकारीतली सर्वांत वाईट गोष्ट हीच. नेमाविषयी इतके बारकाईने लिहितो आहोत ते याचसाठी.

त्याने करायला हवे होते ते असे. बाण पलीकडे सीन्यापासून १०-१२ सेंटिमीटर वर बाहेर पडावा असे धरायचे. ९ मीटरवर त्यात २३ मिळवले की शिरण्याची जागा सीन्यापासून ३३-३५ सेंटिमीटरवर येते, म्हणजे छातीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात. वरून पाहताना ही जागा पाठीच्या फार जवळ वाटते आणि हात कचरतो. पण छातीच्या मध्यरेषेशी येईपर्यंत बाण ११-१२ सेंटिमीटर उतरलेला असतो, त्यामुळे तो कण्याच्या खालूनच जातो. १८ मीटरवर हेच गणित केले तर जागा मध्यापेक्षा बोट-दोन बोटे वर येते आणि चुकीला बरीच मुभा मिळते. ४ मीटरवर मात्र दोन्ही फुप्फुसे एका बाणात मिळवणे जमत नाही. कणा मध्ये येतो, किंवा एकच फुप्फुस लागते. तिथे बाण सोडूच नये.

पुढून-मागून जागा कशी धरायची, हे मटणवाल्याकडे फरा पाहिलेल्याला चटकन कळेल. फऱ्याचे चपटे हाड वर पाठीकडे असते आणि खाली उतरताना पुढे झुकते. खांद्याचा सांधा छातीच्या पुढच्या टोकाला येतो. तिथून दंडाचे हाड मागे वळून कोपराकडे जाते. दोन्ही हाडे मिळून आडव्या पाचरीसारखा आकार होतो, टोक पुढे आणि तोंड मागे. या तोंडात जड हाड नाही, फक्त मांस आणि बरगड्या आहेत आणि त्यांच्या आत हृदय व फुप्फुसे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेची रेघ सरळ वर न्यायची. त्या रेघेवर किंवा तिच्यामागे चार बोटांपर्यंत नेम ठेवायचा. वीतभर मागे गेले की फुप्फुसाच्या पातळ कडेवर येतो, आणखी मागे यकृत, त्यामागे कोठा. पुढे सरकले तर जड हाड. पुष्कळ नवखे ‘पायाच्या मागे’ हे शब्द पाठ करतात आणि भीतीने आणखी मागे जातात. ते करू नये.

पुतण्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. हरणांची वाट झाडाखालून जाते म्हणून तेच झाड निवडू नये. वाटेपासून १५ ते १८ मीटर बाजूचे झाड घ्यावे. आणि उंची वाढवण्याचा हव्यास नको. पाठीमागे फांद्यांचा आडोसा असेल तर १५-१६ फूट पुरतात. त्यापुढचा प्रत्येक फूट उतार वाढवतो आणि दुसरे फुप्फुस दूर नेतो.

प्रश्न (चिपळूण) : हरीण तिरपे उभे असेल तर?

उत्तर : तिरपे पण पाठमोरे असेल, म्हणजे तोंड आपल्यापासून दूर वळवून, तर ती आडव्याइतकीच चांगली स्थिती आहे. काही जण तीच पसंत करतात, कारण हरणाची नजर आपल्याकडे नसते. पलीकडचा पुढचा पाय पाहायचा आणि बाण त्या पायाशी बाहेर पडेल अशी रेघ मनात ओढायची. अलीकडे शिरण्याची जागा मग आपोआप मागच्या बरगड्यांकडे सरकते. हरणाचे अंग आपल्या रेघेपासून ४५ अंशांहून अधिक वळलेले असेल तर थांबावे, बाणाला कोठ्यातून फार लांबचा रस्ता कापावा लागतो.

तिरपे आणि तोंड आपल्याकडे, अगदी समोरासमोर, किंवा थेट पायाखाली, या तीन स्थितींत धनुष्य खाली ठेवायचे. पहिल्या दोन्हींत खांद्याची हाडे आडवी येतात आणि बाण निसटून एकाच फुप्फुसात किंवा कोठ्यात जातो. पायाखालचे हरीण सर्वांत सोपे वाटते, तोच फसवा क्षण. हरीण चालत राहिले तर दोन मिनिटांत ते आडवे होईल. नाही झाले तर दुसऱ्या दिवशी येईल.

प्रश्न (देवगड) : दोरीचा आवाज ऐकून हरीण खाली बसते आणि बाण वरून जातो असे ऐकले. आवाजापेक्षा बाण वेगवान नसतो का?

उत्तर : नसतो, आणि फरक बराच मोठा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चांगल्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला २७० फूट म्हणजे ८२ मीटर. हरीण पळण्याआधी पाय दुमडून अंग खाली घेते, कारण उसळी मारायला तसे करावेच लागते. अंग खाली येते ते जास्तीत जास्त वस्तू पडण्याच्या वेगाने. हरणाला दचकायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरून हिशेब केला, तर २० यार्डांवर, म्हणजे १८ मीटरवर, बाण पोहोचेपर्यंत हरीण फार तर २ सेंटिमीटर खाली येते. ३० यार्डांवर ११ सेंटिमीटर. ४० यार्डांवर जवळजवळ २७ सेंटिमीटर, म्हणजे छातीवर धरलेला नेम पाठीवरून जातो किंवा कण्याजवळच्या मांसात रुततो.

म्हणून अंतर १८-२० मीटरांच्या आत ठेवणे हाच खरा उपाय. बाण वेगवान करून फारसे साधत नाही. हलका बाण वेगाने जातो, पण धनुष्य जास्त वाजते आणि बाण खोल जात नाही. हरणाची स्थितीही पाहावी. मान खाली, शेपटी सैल, कान इकडेतिकडे फिरत असतील तर ते निवांत आहे. मान ताठ, एक पाय उचललेला आणि जमिनीवर आपटतो आहे, असे हरीण आवाजाआधीच निम्मे उडालेले असते. त्याच्यावर सोडू नये. चालते हरीण थांबवायला तोंडाने हलकेच ‘म्या’ असा आवाज करतात. तो करायचा असेल तर हरीण थांबेपर्यंतच वाट पाहायची. थांबून ते शोधक नजरेने वर पाहू लागले की वेळ गेली.

प्रश्न (राजापूर) : वरून सोडलेला बाण नेमापेक्षा वर का लागतो? अंतर कुठले धरायचे, तिरपे की जमिनीवरचे?

उत्तर : जमिनीवरचे. बाणाला खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरापुरतेच मोजायचे. पण मचाणाच्या उंचीला हा फरक लहान असतो. बाणापासून हरणापर्यंत तिरपे २० मीटर भरले तर आडवे पावणेएकोणीस. एवढ्याने बाण बोटभरच वर जातो. तळहातभर वर जात असेल तर कारण शरीराच्या ठेवणीत आहे. नवखा माणूस धनुष्याचा हात तेवढा खाली करतो. त्यामुळे हात आणि खांदा यांचा काटकोन मोडतो, दोरीचा हात गालावरच्या नेहमीच्या जागेवर येत नाही आणि ओढ कमीजास्त होते. धनुष्य आधी समोर आडवे धरून पूर्ण ओढावे, दोरी गालाशी टेकावी आणि मग कमरेतून वाकावे. खांद्यांवरचा भाग एका तुकड्यासारखा खाली यायला हवा. पडू नये म्हणून अंगाचा पट्टा झाडाला बांधलेला असेल तर त्यावर भार टाकून निर्धास्त वाकता येते. न बांधलेला माणूस पडण्याच्या भीतीने वाकत नाही, हात खाली करतो.

प्रश्न (कुडाळ) : आमच्याकडे बंद पडलेली चिरेखाण आहे, काठ ते तळ साधारण ६ मीटर. काठावरून खाली लक्ष्य ठेवून सराव चालेल का? आम्ही फक्त खेळ म्हणून धनुर्विद्या करतो.

उत्तर : उतरत्या नेमाच्या सरावाला कोकणात याहून चांगली जागा मिळायची नाही. खाणमालकाची परवानगी घ्या आणि खाणीत उतरण्याच्या वाटेवर एक माणूस बसवा. गुरे आणि मुले तिथूनच येतात.

काठापासून तीन हात आत उभे राहता येत असेल तर तसे राहा. पावसाळ्यानंतर जांभ्याचा कडा वरून घट्ट दिसतो आणि खालून पोखरलेला असतो. कमरेच्या किंवा पूर्ण अंगाच्या पट्ट्याची दोरी मागच्या जिवंत झाडाच्या बुंध्याला बांधा. सुट्या चिऱ्यांच्या ढिगाला बांधू नका. तळात पाणी साठले असेल तर तिथे सराव नकोच.

लक्ष्यामागे चिऱ्याची भिंत येणार, आणि नेम चुकलेला बाण तिच्यावर आपटणार. कार्बनचा बाण दगडावर आपटला की वरून अखंड दिसतो, आत बारीक तडा गेलेला असतो. पुढच्या वेळी दोरी सोडताच तो फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. आपटलेला प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून कानाशी हलका वाकवा, फिरवत चारही बाजूंनी. करकर आवाज आला किंवा बोटाला खरखर लागली तर तो मोडून टाका. ठेवून दिला की कोणीतरी तो वापरतोच. भिंतीपुढे भाताच्या पेंढ्याच्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांची रांग लावा, जाडी हातभर तरी हवी. सैल पेंढ्यातून बाण आरपार जातो. दाबलेल्या फोमचे लक्ष्य अधिक टिकते, पण ते उन्हात ठेवू नका.

लक्ष्य खालून वर कलते ठेवा, म्हणजे बाण त्यात सरळ शिरेल. उभे ठेवले तर बाण तिरका घुसतो आणि उपटताना वाकतो. पुठ्ठ्याचे खोके छातीएवढे, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच, घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरची वर्तुळे काढा आणि बाण दोन्ही वर्तुळांतून जातो का ते मोजा. वर गुहागरच्या वाचकांना दिलेले गणित या खोक्यावर दहा मिनिटांत पटते. ४ मीटरवरून दोन्ही वर्तुळे मिळतच नाहीत, हेही डोळ्यांनी दिसते.

आपल्या हवेविषयी थोडे. सराव झाल्यावर दोरी कोरडी पुसून मेण लावा. लाकडी पाती असलेले रिकर्व्ह धनुष्य दोरी उतरवून ठेवा आणि भिंतीला टेकवू नका, दमट हवेत पाती पिळतात. बंद गाडीत उन्हात कुठलेच धनुष्य ठेवू नये. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कोणी गंमत म्हणून मागितले तरी नाही. सगळा जोर पात्यांत परत जातो आणि ती फुटतात.

प्रश्न (श्रीवर्धन) : जावई म्हणतात, बाण लागल्यावर लगेच मागे जायचे नाही, तासन्‌तास थांबायचे. जखमी जनावराला इतका वेळ ठेवणे क्रूरपणाचे नाही का?

उत्तर : प्रश्न योग्य आहे आणि जावईही बरोबर आहेत. बाण गोळीसारखा धक्का देऊन पाडत नाही. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि हरीण रक्तस्रावाने मरते. दोन्ही फुप्फुसे कापली गेली तर काही सेकंदांत ते कोसळते, बहुतेकदा शंभर-दीडशे मीटरच्या आत. बाण मागे लागला असेल तर ते थोडे जाऊन आडोशाला बसते. कोणी मागे येत नसेल तर तिथेच मरते. मागे गेलात तर उठून दूर पळते, मैलभरही जाते, आणि मग ना ते सापडते ना त्याचे हाल संपतात. थांबणे हेच तिथे दयाळूपणाचे आहे.

किती थांबायचे ते बाण सांगतो. बाण सोडल्यावर खाली उतरू नये. हरीण शेवटचे कुठे दिसले, ते झाड किंवा दगड वरूनच मनात पक्के करावे आणि घड्याळ पाहावे. खाली उतरले की तीच जागा ओळखू येत नाही. अर्ध्या तासाने उतरून बाण शोधावा. त्यावर गुलाबी, बारीक बुडबुड्यांचे फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस लागले आहे, माग काढायला हरकत नाही. रक्त काळसर लाल, कलेजी कापल्यावर पाटावर उतरते तसे असेल तर यकृत. चार ते सहा तास थांबावे. हिरवट-तपकिरी ओल आणि वजडी धुताना येतो तो आंबूस वास असेल तर कोठा. मग आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळचा बाण असेल तर सकाळपर्यंत. लालभडक रक्त सुरुवातीला भरपूर आणि शंभर पावलांत थेंब-थेंब झाले, तर बहुधा नुसते मांस कापले गेले आहे. पाऊस येणार असेल तर माग धुऊन जाईल, तेव्हा हिशेब बदलतो आणि अनुभवी माणसाला सोबत घ्यावे लागते. काही राज्यांत दोरीने धरलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याला परवानगी आहे. ती असेल तर स्वतः रक्ताचा माग तुडवण्याआधी कुत्रा आणावा.

मागावर चालताना रेघेच्या बाजूने चालायचे. प्रत्येक शेवटच्या थेंबाशी रंगीत फीत बांधायची. मागे वळून फितींची ओळ पाहिली की हरणाची दिशा कळते.

पहिल्या उत्तरातली बाहेर पडण्याची जागा इथे पुन्हा येते. छिद्र फक्त वर असेल तर रक्त आत, छातीच्या पिंजऱ्यात साठत राहते आणि जमिनीवर काहीच पडत नाही. बाण खालून बाहेर पडला तर पहिल्या काही उड्यांतच माग सुरू होतो. पात्याला धार नसेल तर हे सगळे व्यर्थ. बोथट पाते रक्तवाहिनी कापत नाही, बाजूला ढकलते. सरावात वापरलेले पाते शिकारीला घेऊ नये.

प्रश्न (मालवण) : मुलाने तिकडून मचाणावर बांधायचा अंगाचा पट्टा पाठवला आहे. आमचे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, तो माडावर वापरू शकतील का?

उत्तर : पट्टा चांगला आहे, पण तो बनला आहे एका जागी बसणाऱ्यासाठी. त्याची दोरी पाठीमागून, दोन खांद्यांच्या मधून निघते आणि डोक्याच्या वर झाडाला बांधतात. माडावर पाडेली सतत सरकत असतो, दर हाताला दोरी वर घ्यावी लागणार. म्हणून दोन दोऱ्या हव्यात. एक सरकवताना दुसरी बांधलेली राहील, एक क्षणही माणूस सुटा असणार नाही. बुंध्याला दोरीचा एकच वेढा पुरत नाही. माडाचा खोडका वर बारीक होत जातो आणि पावसात गुळगुळीत होतो, वेढा घसरतो. दोन वेढे घेऊन ताण आला की आवळला जाईल अशी गाठ हवी.

माणूस पट्ट्यात लटकला तर जीव वाचला असे समजून मदतीला उशीर करू नये. मांड्यांवरचे पट्टे रक्त अडवतात, पाय न हलवता लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. पट्ट्यासोबत पाय ठेवून उभे राहायचा एक छोटा फास येतो, तो खिशात हाताशी हवा. शिडी आणि खाली उभा दुसरा माणूस असल्याशिवाय चढू नये.

लेबलवर वजनाची मर्यादा पाहा, बहुतेकांवर ३०० पौंड म्हणजे १३६ किलो असते. बनवल्याची तारीखही पाहा. साधारण पाच वर्षांनी आणि एकदा पडण्याचा झटका बसल्यावर लगेच पट्टा बाद करायचा असतो. खाऱ्या हवेत बकले गंजतात आणि उन्हाने शिवण कुजते, तेव्हा आपल्याकडे पाच वर्षे धरूच नका. नारळ विकास मंडळाच्या ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ प्रशिक्षणात माडावर चढायचे यंत्र शिकवतात. पाडेल्यासाठी आमच्या मते तेच बरे.

मुलाला उलट एक विचारा, की तो पट्टा जमिनीवरूनच अडकवतो का. मचाणावरून पडणारे बरेच जण चढता-उतरताना पडतात, मचाणावर पोहोचून पट्टा बांधण्याच्या आधी. बुंध्याशी वरपासून खालपर्यंत एक दोर कायम बांधून ठेवावा, त्यावर सरकणाऱ्या गाठीला जमिनीवरच पट्टा जोडावा. धनुष्य हातात घेऊन चढायचे नाही. वर पोहोचल्यावर दोरीने ओढून घ्यायचे.

प्रश्न (लांजा) : रानडुकरे भात लोळवतात, भेकर भाजी खाते. माळ्यावर बसून आवाज न करता तीर मारला तर? बंदूक नाही, म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही ना?

उत्तर : हत्यार कुठले, हा प्रश्नच येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. ‘शिकार’ या शब्दात मारणे, जखमी करणे, फासे लावणे, हाकारणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे येते. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल किंवा जागा अभयारण्यातली असेल, तर किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि २५ हजारांहून कमी नाही इतका दंड. हत्यार आणि गाडी जप्त होते ते वेगळे.

नुकसान खरे आहे आणि त्यावर कायद्यातच वाट आहे. पिकाचे फोटो काढून, सातबारा जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज करा, पंचनामा होऊन भरपाई मिळते. उपद्रवी जनावराबाबत कलम ११ खाली परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. लेखी परवानगी हातात येण्याआधी काहीही करू नका, आणि त्या कामाला तीर वापरायचा विचार सोडा. भाताच्या शेतात जखमी झालेले रानडुक्कर सकाळी पेंढा उचलायला आलेल्या बाईमाणसाला फाडते.

प्रश्न (अलिबाग) : फणसाडला मचाणावर बसून फोटो काढायचे आहेत. शिकाऱ्याच्या बसण्यातले काही आम्हाला उपयोगी आहे का?

उत्तर : बाण वगळता सगळे. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते, १९८६ मध्ये अभयारण्य झाले. मचाणावर बसायला वनखात्याची परवानगी लागते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेत नाव नोंदवले तर ती रीतसर मिळते.

तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. गाणीच्या अगदी डोक्यावरचे मचाण फोटोलाही वाईट. सांबराची नुसती पाठ येते आणि डोळे दिसत नाहीत. १५-२० मीटर बाजूचे मिळाले तर पाहा. पाठीमागे बुंधा किंवा पानोळा असू द्या, आकाशावर उठून दिसणारे डोके भेकराला लगेच कळते. जनावर पाण्याला तोंड लावेपर्यंत कॅमेरा उचलू नका. पहिला घोट घेऊन ते एकदा मान वर करते, आजूबाजूला पाहते आणि पुन्हा वाकते. हालचाल त्या दुसऱ्या वाकण्यात करायची.

वाऱ्याचे गणित मात्र तिकडच्याहून वेगळे आहे, कारण समुद्र जवळ आहे. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात, तेव्हा गाणीच्या पूर्वेला बसलेल्याचा वास जनावरापर्यंत जात नाही. सूर्य मावळल्यावर ते पडतात, तासभर हवा थांबते, आणि मग मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे सुटतात. संध्याकाळी बरोबर असलेली जागा रात्री चुकीची होते. रात्रभर बसायचे असेल तर गाणीच्या उत्तरेचे किंवा दक्षिणेचे मचाण मागा, आणि हवा थांबलेल्या त्या तासात डबा उघडू नका.